काळ्या पट्टीतील अंक

बजाजनगर ही वाळूज औद्योगिक क्षेत्रातील कामगारांची वसाहत. येथे अनेकांचा पगार बँकेत जमा होतो आणि एटीएम कार्डाने हाती येतो. असे कार्ड उलटून पाहा. मागे बहुधा एक काळी पट्टी दिसेल. तिच्यात चुंबकीय पदार्थाचे सूक्ष्म कण असतात. कार्डावर नाव छापणाऱ्या कित्येक यंत्रांत एक छोटा विद्युतचुंबकही बसवलेला असतो. पट्टी त्याला घासून सरकली की तिच्यावर माहिती उमटते. ती कशी?

कार्डाचा क्रमांक ज्या ओळीत असतो, तिच्यात दर इंचाला ७५ घरे असतात. प्रत्येक घराच्या सीमेवर चुंबकत्वाची दिशा उलटते. घराच्या मध्यावरही ती उलटली तर १, न उलटली तर ०. सीमेवरचे बदल घड्याळाच्या टिकटिकीसारखे चालतात. म्हणून कार्ड सावकाश ओढा की भरभर, अंक नीट वाचले जातात.

एका अंकाला पाच घरे लागतात. द्विमान पद्धतीत ५ म्हणजे ०१०१. यात १ दोनदा आहे; पाचव्या घरात आणखी एक १ लिहून ही संख्या विषम करतात. वाचताना ती सम आली, तर काहीतरी चुकले हे यंत्र ओळखते. ७ साठी पाचव्या घरात काय येईल, हे तुम्हीच ठरवा.

ही युक्ती चूक पकडते, चोर नव्हे. पट्टीची हुबेहूब नक्कल यंत्राला खरीच वाटते. म्हणूनच केवळ पट्टीची कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची कार्डे देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. चिप दर व्यवहाराला नवे सांकेतिक उत्तर देते. पट्टी मात्र प्रत्येक वेळी तेच सांगते.