ब्राँझच्या घोड्याला दूध लागत नाही

माझी भाची सायकलवरून पडली आणि मनगटाजवळचं हाड मोडून बसली. तिच्या हाताला प्लास्टर घालून आम्ही रिक्षाने परत चाललो होतो. आपल्या शहरातल्या जालना रोडने येताना क्रांती चौकात सिग्नल लागला. बाईसाहेब मान वर करून शिवाजी महाराजांच्या पुतळ्याकडे एकटक बघत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मावशी, महाराजांच्या घोड्याचा पाय कधीच मोडत नसेल ना गं?"

"कसा मोडेल? ब्राँझचा आहे तो. हाडंच नाहीत त्याला."

"मग त्याचं बरंय!"

सिग्नल सुटला, पण तिचं ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. हा पुतळा फेब्रुवारी २०२२ मध्ये बसला, चौथरा धरून ५२ फूट. तेव्हा ५२ आणि आजही ५२च. माझी भाची मात्र तेवढ्यात चांगलीच वाढली, कारण तिच्या आत हाडं आहेत आणि हाडं जिवंत असतात. खरंच जिवंत! त्यांच्यात रक्त वाहतं आणि काम करणाऱ्या पेशीही असतात. काही पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, काही त्या जागी नवं बांधतात. हे काम रात्रंदिवस चालू असतं. मोठ्या माणसाचा अख्खा सांगाडा असा साधारण दहा वर्षांत नवा होतो. तुमच्या शाळेच्या वयात बांधणाऱ्यांचा जोर जास्त असतो, म्हणून तर दरवर्षी गणवेश आखूड होतो.

या बांधकामाला लागणारा मुख्य माल म्हणजे कॅल्शियम. शुद्ध कॅल्शियम हा चांदीसारखा दिसणारा धातू आहे, पण निसर्गात तो असा सुटा कधी सापडत नाही, कुणाशी तरी जोडी करूनच राहतो. भाचीच्या हातावरचं प्लास्टर कॅल्शियमचंच. आपल्या बीबी का मकबऱ्याचा संगमरवर कॅल्शियमचा, वरचा चुन्याचा गिलावाही कॅल्शियमचा. बोअरच्या पाण्याने पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, त्यातही तोच. म्हणजे त्या दिवशी रिक्षात एका मोडक्या हाताला आतून कॅल्शियम होतं आणि बाहेरूनही!

घरी कुणी चिकन खात असेल तर एक हाड मागून घ्या, स्वच्छ धुवा आणि व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवा. बाहेर काढाल तेव्हा ते रबरासारखं वाकेल. व्हिनेगरने त्यातलं कॅल्शियम पळवलं. उरला तो चिवट धाग्यांचा सापळा. चिवटपणा धाग्यांचा, टणकपणा कॅल्शियमचा.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेलं एक टक्का रक्तात, स्नायूंत, सगळीकडे फिरत असतं, आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते याचंच. तुमचं हृदय आत्ता धडधडतंय ते या एका टक्क्याच्या जिवावर. तुम्ही पान उलटलंत, बोटं हलली, तेही त्याच्याच मदतीने. म्हणून रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन चालतच नाही. त्यावर पहारा ठेवायला आपल्या गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम जरा घटलं की त्या हाडांना निरोप धाडतात, "काढा थोडं!" आणि हाडं बिचारी देतात. तुम्ही आठवडाभर दूध-दही टाळलंत, भाजी ताटात तशीच ठेवलीत, तरी हृदय थांबत नाही, कारण तेवढ्यापुरतं हाडांनी आपल्यातलं काढून दिलेलं असतं. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला कळतसुद्धा नाही. मला या गोष्टीची खरी काळजी वाटते ती म्हणूनच.

मग रोज किती पोटात जायला हवं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५० मिलिग्रॅम. आता आपलं ताट बघू. आपण मराठवाड्याचे, म्हणजे ज्वारीची भाकरी आलीच. भाकरी गुणाची, पण कॅल्शियमच्या बाबतीत गरीब. एका भाकरीतून वीस मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही. तेवढ्याच पिठाची नाचणीची भाकरी केली तर दोनशेच्या घरात! कोकणात आणि कोल्हापूरकडे नाचणी घरोघरी असते. आपल्याकडे ती दुकानातून आणावी लागते, पण जरूर आणावी. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेलं सत्त्व तर आणखी चांगलं, कारण धान्यातला कॅल्शियमला धरून ठेवणारा एक पदार्थ मोड आल्यावर कमी होतो.

पेलाभर दुधातून सव्वादोनशे-अडीचशे मिलिग्रॅम मिळतं. दूध आवडत नसेल किंवा पोटाला सोसत नसेल, तर दही बघा. दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही चालतं. आणि तीळ! भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतात आणि दुसऱ्या दिवशी तिळगूळ. न सोललेल्या तिळात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. मोठा चमचाभर तिळाची चटणी घेतली तरी शंभराच्या आसपास जातं. ही चटणी संक्रांतीपुरतीच का ठेवायची? शेवग्याच्या शेंगा आपण चोखून खातो, पण त्याच्या पाल्याची भाजीही कॅल्शियमने भरलेली असते. पालक मात्र जरा लबाड. त्यात कॅल्शियम असतं, पण ते अशा जोडीदाराला चिकटलेलं की आतड्याला फारसं सोडवून घेता येत नाही. पालक चवीसाठी जरूर खा, पण कॅल्शियमच्या हिशेबात धरू नका.

एक गोष्ट बजावून सांगते. पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीचा चुना यांपैकी काहीही तोंडात घालायचं नाही. ते खावंसं वाटत असेल तर लाजू नका, आईला सांगा. कधी कधी अंगात लोह कमी असलं की अशी इच्छा होते. ते डॉक्टरांनी तपासलेलं बरं.

आता शेवटची गोष्ट. खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर खाल्लेल्यातलं जेमतेम दहा-पंधरा टक्केच आत शिरतं. हे जीवनसत्त्व आपली कातडी उन्हात स्वतः तयार करते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, काच नेमके ते किरण अडवते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा हे काम छान चालतं. आणि आपलं शहर याबाबतीत किती नशीबवान! इथे भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या सुमाराला, वर्षातल्या कुठल्याही दिवशी सावली आपल्यापेक्षा आखूडच असते. १९ मेच्या आसपास तर ती पायाखाली गडप होते. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मुलांची सावली डिसेंबरात भर दुपारीही त्यांच्या पावणेचार पट लांब पडते. तिथे हिवाळ्यात म्हणून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला सांगतात. आपल्याला थोडा वेळ अंगणात किंवा गच्चीवर गेलं की झालं. मे महिन्यातल्या भर दुपारी मात्र नको, तेव्हा सकाळी जरा लवकर.

भाचीचं प्लास्टर पाच-सहा आठवड्यांनी निघालं. हात बारीक झाला होता, पण हाड सांधलं होतं. २१ डिसेंबरला साडेबाराला आम्ही गच्चीवर गेलो, खडूने खूण केली आणि तिची सावली मोजली. चार फूट दोन इंच. त्या वेळी क्रांती चौकात पुतळ्याची सावली ४९ फुटांच्या आसपास पडली असेल, असा हिशेब तिने पाटीवर केला. पुढच्या २१ डिसेंबरलाही ती तेवढीच पडणार. गच्चीवरची खडूची खूण आम्ही पुसलेली नाही. तिच्या पुढे जागा सोडून ठेवली आहे.