वेबसाईट दिली, पण किल्ली दिली का?

आपल्या होस्टेलमध्ये दर दोन-तीन रूममागे एक तरी 'वेब डिझायनर' सापडतोच. कुणी मामाच्या दुकानाची साईट केलेली असते, कुणी मेसवाल्या काकांची, कुणी गावच्या पतसंस्थेची. पॉकेटमनी सुटतो, रिझ्युमेमध्ये एक ओळ वाढते आणि घरचेही खूश. पण साईट लाइव्ह झाल्यावर पुढे तिचं काय होतं? सहा महिन्यांनी एकदा उघडून बघा. दिवाळीची ऑफर गुढीपाडव्यालाही चालूच असते, 'ताज्या घडामोडी'त मागच्या वर्षीचं स्नेहसंमेलन असतं आणि फोन नंबर कधीच बदललेला असतो!

यात दोष बहुतेकदा त्या दुकानदाराचा नसतो. आपण त्याला साईट देतो, पण ती चालवायला शिकवत नाही. ते कसं शिकवायचं, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख. मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घासाठी रूममेटचं डोकं बरंच खाल्लंय. पण विषय मराठीतच मांडायला हवा, कारण ज्यांना शिकवायचं ती माणसं मराठीत विचार करतात.

साईट शिळी का होते?

मी ज्यांची साईट केली त्यांच्यापैकी एक काका रत्नागिरी जिल्ह्यातले आंबा बागायतदार. हापूसचा मुख्य हंगाम साधारण मार्च ते मे. मार्चमध्ये पेटीचा जो भाव असतो तो मे महिन्यात राहत नाही. आवक वाढते तसा तो उतरत जातो. म्हणजे काकांना साईटवर दर दोन-चार दिवसांनी एक आकडा बदलायचा असतो. फक्त एक आकडा! त्यासाठी त्यांनी मला फोन करायचा, "बाळा, आजचा रेट तेवढा बदल गं," आणि मी बदलायचा. आता आपल्या सबमिशन आणि ओरल्स नेमक्या कधी असतात? एप्रिल-मेमध्येच! म्हणजे त्यांचा हंगाम आणि आपला 'हंगाम' एकाच वेळी.

ही गोष्ट फक्त गैरसोयीची नाही. जुना भाव साईटवर राहिला की गिऱ्हाईक त्याच भावाने पेटी मागतं. मग एक तर नुकसान सोसा, नाहीतर 'साईटवर एक आणि फोनवर एक सांगतात' असं ऐकून घ्या. छोट्या माणसाच्या धंद्यात शब्द जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मुळात वेब असा नव्हताच

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्नमध्ये जो पहिला वेब ब्राऊझर लिहिला, तो नुसता पानं दाखवणारा नव्हता. त्यात पान वाचताही यायचं आणि लिहिताही यायचं. म्हणजे वाचणारा आणि लिहिणारा वेगळा असावा, अशी मूळ कल्पना नव्हती. पुढे जे ब्राऊझर लोकप्रिय झाले ते मुख्यतः वाचण्यासाठी होते. लिहिण्यासाठी एचटीएमएल यायला हवं, एफटीपी यायला हवं, आणि अशा रीतीने 'वेब डिझायनर' नावाचा मधला माणूस आला.

ही दरी कमी केली ती सीएमएस, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिमने. आणि इथे आपल्यासाठी मजेची गोष्ट आहे. ड्रुपलची सुरुवात बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात झाली. ड्रीस बायटार्ट आणि त्याच्या मित्रांनी राहत्या जागी एक इंटरनेट कनेक्शन वाटून घेतलं होतं, आणि आपापसात निरोप ठेवायला त्याने एक छोटी साईट लिहिली. २००१ मध्ये तो कोड सगळ्यांसाठी खुला झाला. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं, तेव्हा मॅट मलनवेग १९ वर्षांचा कॉलेजकुमार होता आणि त्याच्या जोडीला इंग्लंडचा माइक लिटल होता. म्हणजे ही हत्यारं आपल्यासारख्यांनीच बनवली, आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट वर्डप्रेसवर चालतात. पण हत्यार आहे म्हणून हात चालतोच असं नाही. तो चालवायला कुणीतरी शिकवावं लागतं.

आधी मालकी, मग शिकवणी

शिकवण्याआधी एक प्रश्न: साईट नक्की कुणाच्या नावावर आहे? गावाकडच्या माणसाला मी असं समजावते. डोमेन नेम म्हणजे सातबारा. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. आणि आपण बनवलेली पानं म्हणजे आतलं फर्निचर. फर्निचर मोडलं तर नवं करता येतं, गाळा बदलता येतो, पण सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव असेल तर काय कराल?

हे उगाच घाबरवणं नाही. माझ्या ओळखीच्या एका क्लासचालक मॅडमचं डोमेन आधीच्या डिझायनरने स्वतःच्या ई-मेलवर घेतलं होतं. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या मेलवर गेल्या, तो फोन उचलेना, आणि डोमेन सुटलं. 'डॉट कॉम'च्या बाबतीत मुदत संपल्यावर रजिस्ट्रार बहुधा काही दिवसांची सवलत देतो. ती संपून नाव रद्द झालं की ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं होतं. मॅडमना हे सगळं उलटून गेल्यावर कळलं. व्हिजिटिंग कार्ड, बोर्ड, रिक्षामागचं पोस्टर, सगळीकडे जुनाच पत्ता!

म्हणून पहिला नियम: डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्या नावावर, त्याच्या ई-मेलवर, त्याच्याच पैशाने. ई-मेल नसेल तर तो उघडून देणं हाच पहिला तास समजा.

दुसरा नियम: रोजच्या कामासाठी वेगळं लॉगिन. वर्डप्रेसमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर आणि सबस्क्रायबर अशा पाच भूमिका असतात. एडिटरला पानं लिहिता, बदलता, प्रसिद्ध करता येतात, पण थीम आणि प्लगिनला हात लावता येत नाही. क्लायंटला रोजच्या वापरासाठी एडिटर द्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड पाकिटात घालून त्यालाच द्या, कपाटात ठेवायला. मालक तोच आहे, फक्त मुख्य किल्ली रोज खिशात घेऊन फिरायची गरज नाही.

खरी अडचण भीतीची

माझा अनुभव असा की लोकांना शिकायला जमत नाही असं अजिबात नाही. जी माणसं यूपीआयने पैसे घेतात, व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग पाठवतात, त्यांना एक आकडा बदलायला काय अवघड? त्यांच्या मनात एकच असतं: "हात लावला आणि बिघडलं तर?"

म्हणून शिकवणीची सुरुवात बिघडवण्यापासून करा! 'सराव' नावाचं एक पान ड्राफ्टमध्ये बनवा. त्यांना सांगा, यातला सगळा मजकूर पुसा आणि सेव्ह करा. आता 'रिव्हिजन्स'मधून जुनी प्रत परत आणून दाखवा. मग अख्खं पान डिलीट करायला लावा आणि ट्रॅशमधून उचलून आणा. तिथे ते ३० दिवस सुरक्षित असतं. एवढं झालं की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. एक अपवाद मात्र आवर्जून सांगा: मीडिया लायब्ररीतला फोटो कायमचा डिलीट केला की तो ट्रॅशमध्ये जात नाही, थेट जातो.

यानंतर त्यांच्या धंद्याला लागणारी चार-पाच कामंच निवडा. आंबेवाल्यांना भाव बदलणे, 'माल संपला' अशी पाटी लावणे, फोटो टाकणे, फोन नंबर बदलणे. क्लासवाल्यांना बॅचची वेळ, निकाल, सूचना. सगळा डॅशबोर्ड डावीकडून उजवीकडे समजावत बसू नका; आपल्याला तरी पहिल्या लेक्चरला सगळा सिलॅबस कळतो का?

शिकवताना तीन पथ्यं पाळा. एक, माऊस त्यांच्या हातात, आपले हात मागे. ते चुकीच्या ठिकाणी क्लिक करायला लागले की आपला हात शिवशिवतो, पण आवरा. दोन, प्रत्येक काम तीनदा: एकदा आपण सांगून, एकदा त्यांनी आपल्याला सांगत, एकदा पूर्ण गप्प राहून. तीन, ज्या मशीनवर ते काम करणार त्याच मशीनवर शिकवा. त्यांच्याकडे फोनच असेल तर फोनवरच. आपल्या लॅपटॉपवर शिकवलेलं त्यांच्या फोनवर वेगळं दिसतं, कारण मेनू दुसरीकडे जातो.

आणि शेवटी एक पान लिहून द्या. वीस पानांचं मॅन्युअल नको, ते कुणी वाचत नाही. एका कामाला पाच-सहा ओळी, त्यांच्याच शब्दांत, आणि तेही त्यांच्याकडूनच लिहून घेतलेलं उत्तम. काकांनी त्यांच्या वहीत 'अपडेट'चं बटण म्हणजे 'निळं बटण, दाबल्याशिवाय भाव बदलत नाही' असं लिहिलंय. माझ्या कुठल्याही व्याख्येपेक्षा ही बरी!

मराठी मजकुराची गंमत

हा भाग इंग्रजी ट्युटोरियलमध्ये मिळणार नाही. क्लायंट मजकूर कुठून आणतो? बहुतेकदा डीटीपीवाल्याकडून. तो श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतो. तो साईटवर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. कारण त्या फाँटमध्ये मराठी आकार इंग्रजी वगैरे अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फाँट नसेल तर मूळ अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा ०९१५. म्हणून क्लायंटला एकच गोष्ट शिकवा: डीटीपीवाल्याला "युनिकोडमध्ये द्या" असं सांगायचं. किंवा फोनवर सरळ बोलून टाइप करायचं, मग तपासायचं.

दुसरी गंमत लिंकची. पानाचं नाव मराठीत दिलं की वर्डप्रेस पत्त्याचा शेवटचा भागही त्यावरूनच बनवतो. 'आंबा' हा एवढासा शब्द युनिकोडमध्ये चार चिन्हांचा, प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटला टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं. झाली ३६ अक्षरं! व्हॉट्सअ‍ॅपवर अशी लिंक टाकली की गिऱ्हाईकाला ती व्हायरस वाटते. तेवढा भाग रोमन अक्षरांत, छोटा लिहायला शिकवा.

फोटोंचंही तसंच. फोनचा १२ मेगापिक्सेल फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. साईटला १६०० गुणिले १२०० पुष्कळ झाले, म्हणजे साधारण सहावा हिस्सा. आधी लहान करा, मग चढवा. गावाकडच्या नेटवर पान उघडेल तरी!

काय शिकवू नये

थीम बदलणे, प्लगिन टाकणे, कोडला हात लावणे हे त्यांचं काम नाही. वर्डप्रेसची छोटी सुरक्षा अपडेट्स २०१३ पासून आपोआप होतात, पण मोठी अपडेट्स आणि बॅकअप बघायला जाणकार माणूस लागतोच. एक गोष्ट मात्र पक्की बजावा: "तुमची साईट बंद पडणार आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या, मग तो माझ्या नावाने आला तरी!

मग आपल्याला काम कोण देणार?

हा प्रश्न मला विंगमधल्या मैत्रिणींनीच विचारला. सगळं शिकवलं तर मेंटेनन्सचे पैसे बुडतील ना? मला असं वाटतं की आकडा बदलण्याचे पैसे घेणं हे कुलूप लावून दर वेळी उघडायचे पैसे मागण्यासारखं आहे. माणूस नाइलाजाने देतो आणि मनातून चिडतो. उलट जो स्वतः साईट चालवायला लागतो, त्याला तिचा उपयोग कळतो. मग तोच विचारतो, ऑनलाइन ऑर्डर घेता येईल का, इंग्रजी पान करता येईल का. ते खरं काम, आणि त्याचे पैसे मागताना जीभही अडखळत नाही. शिकवण्याचे तास कोटेशनमध्येच वेगळे लिहा, फुकट नको. फुकट शिकवणीला कुणी वेळेवर बसत नाही!

आता जरा आपल्या घरात डोकावूया. कॉलेजांमधल्या किती क्लबच्या साईट पासआऊट झालेल्या सिनिअरच्या जीमेलमध्ये अडकून पडल्यात? दर वर्षी नवी टीम येते, पासवर्ड मिळत नाही, म्हणून नव्या नावाची नवी साईट काढते, आणि जुन्या फेस्टचे फोटो, निकाल, नावं हवेत जातात. कमिटी बदलताना ट्रॉफी आणि रबरी शिक्का मोजून देतो ना आपण? तसाच डोमेनचा मेल, दोन लॉगिन आणि एक पानाची टिपण द्या. सर-मॅडम, हँडओव्हरच्या फॉर्ममध्ये एवढी एक ओळ वाढवता आली तर फार बरं होईल.

आणि साईट पूर्ण झाली हे कसं ओळखायचं? लाइव्ह झाल्याचं स्टेटस टाकलं तेव्हा नाही. क्लायंटने आपल्याला न विचारता पहिला बदल केला आणि आपल्याला तो नंतर साईट बघून कळला, त्या दिवशी ती पूर्ण झाली!

— तृतीय वर्ष, कॉम्प्युटर