टिलवे किती आले?

हिवाळ्यात आपल्या उजनीच्या फुगवट्यावर रोहित येतात. त्यांना बघायला लांबून माणसे येतात. पण काठाच्या चिखलात पळणाऱ्या बारक्या पक्ष्यांकडे कोणी बघत नाही. त्यांचीच माहिती मी आज देणार आहे.

टिलवा हा पक्षी चिमणीएवढा असतो. वजन फक्त २० ते ३० ग्रॅम. चोच काळी आणि पायही काळे. शिलाई मशीनची सुई चालते ना, तशी त्याची चोच चिखलात भराभर खालीवर होते. दुसरा पक्षी तुतवार. त्याची शेपटी सारखी हलत असते. तिसरा पाण्यातला नाही, झाडावरचा. बाभळीच्या पानांत दिवसभर किडे शोधणारा हिरवट वटवट्या. तो दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त. त्याचे वजन रुपयाच्या दोन-तीन नाण्यांएवढेच!

टिलवा उन्हाळ्यात पार उत्तरेला, सैबेरियाच्या टोकाला अंडी घालतो. तिकडे थंडीत सगळे गोठते, किडे मिळत नाहीत. म्हणून हे पक्षी हजारो किलोमीटर उडून इकडे येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात.

आता मोजणीची गोष्ट. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. ती १९८७ साली सुरू झाली. अनेक देशांतली पक्षी बघणारी माणसे आपापल्या पाणवठ्यावरचे पक्षी मोजतात आणि आकडे एकत्र करतात. तशीच मोजणी आपणही करायची असे गुरुजी म्हणाले. आमचे दोन गट केले. आमच्या गटाने अलीकडच्या काठावर ४० टिलवे मोजले. दुसऱ्या गटाने पलीकडे ४२ मोजले. मी लगेच फळ्यावर ८२ लिहिले. मला फार आनंद झाला होता.

गुरुजींनी विचारले, "किती वाजता मोजले?" आम्ही साडेसातला आणि दुसऱ्या गटाने आठला. मग मला आठवले. मध्येच भोवत्या हा शिकारी पक्षी आला होता. आमचा थवा भुर्रकन उठून पलीकडे गेला होता. म्हणजे तोच थवा आम्ही दोनदा मोजला! ८२ पुसताना मला वाईट वाटले, पण ४२ च खरे होते. गुरुजी म्हणाले, "चुकीचा आकडा पुढे गेला, तर सगळ्यांची बेरीज चुकते."

तेव्हापासून आम्ही तारीख, वेळ, जागा आणि आकडा लिहितो. एकही पक्षी दिसला नाही तर शून्य लिहितो. ओळखू आला नाही तर 'ओळखला नाही' असे लिहितो.

हे एकमेकांना सांगायचे कशासाठी? धरणात पाणी जास्त राहिले की काठाचा चिखल बुडतो. मग टिलवे दुसरीकडे जातात. आपल्याला वाटेल, पक्षी संपले! पण दुसऱ्या तळ्यावरचा आकडा बघितला की कळते, ते तिकडे आहेत. आणि सगळीकडेच आकडा घटला तर समजायचे की पक्षी खरोखरच कमी झाले. एका गावाला हे एकट्याने कधीच कळणार नाही.

काही पक्ष्यांच्या पायात धातूचे कडे असते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ साली डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. कड्यावर क्रमांक असतो. तो कळवला की पक्षी कुठून कुठे आला ते समजते.

पालकांनो, तुम्ही पहाटे जाळी काढायला जाता, गाळपेरीच्या शेतात असता. आमच्या आधी पक्षी तुम्हाला दिसतात. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडे दिसले तर क्रमांक, तारीख आणि जागा शाळेत सांगा. जिवंत पक्ष्याचे कडे मात्र काढू नका. यंदाचा पहिला टिलवा तुम्हाला दिसला, तर तेवढेही सांगा. आम्ही वहीत लिहून घेऊ.

— इयत्ता ७ वी