इंजेक्टरचा दोष कसा ओळखावा?

उभ्या मोटारीचें इंजिन थरथरूं लागलें, कीं पुष्कळदां सारा दोष इंजेक्टरच्या माथीं येतो. इंजेक्टर म्हणजे विजेच्या इशाऱ्यानें उघडझाप करणारी पेट्रोलची चिमुकली तोटीच होय. इंजिन चालू असतां लांब पेचकसाचें टोंक तिच्यावर टेकवून मूठ कानाशीं धरावी. टिकटिक नसल्यास वायर व आंतील वेटोळें तपासावें. पुष्कळ इंजेक्टरांत त्याचा रोध १२ ते १६ ओहम भरतो. टिकटिक असल्यास तो इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरवर बसवावा. दोष त्याच्याबरोबर गेला, तर तोच अपराधी. एरव्हीं प्लग पाहावा. मात्र थंड इंजिनावर, नळींतील दाब उतरवूनच तो सोडावा; उडालेलें पेट्रोल पेट घेतें. चोंदलेला इंजेक्टर धुवून, नवीं रबरी कडीं घालून बहुधा पुन्हां चालतो. निदानापूर्वीं नवा घेणें हा अपव्यय होय.