मार सोसण्याचे शिक्षण

परभणीहून औंढा नागनाथाकडे जाताना वाटेत जवळा बाजार लागते. पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेले आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात गेलेले हे गाव नावाप्रमाणेच बाजाराचे आहे. पहाटे रस्त्यावर सैन्यभरतीच्या आणि पोलीसभरतीच्या आशेने धावणारी मुले दिसतात. जोर-बैठका, लांब उडी, गोळाफेक असा त्यांचा नित्याचा क्रम असतो. अलीकडे त्यांतील काहींच्या हातांत मुष्टियुद्धाचे हातमोजेही आले आहेत. अशाच एका सकाळी एक मुलगा हात खाली सोडून उभा होता आणि त्याचा सोबती त्याच्या गालावर व कपाळावर बेताने ठोसे मारीत होता. हे काय चालले आहे, असे विचारता उत्तर मिळाले, "सर, डोकं पक्कं करतोय. रोज थोडा थोडा मार खाल्ला की सवय होते म्हणतात. खरं आहे का हो?"

प्रश्न वेडगळ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. त्या मुलाच्या भोवतालचा सारा अनुभव त्याच्याच बाजूने साक्ष देणारा आहे. नांगर धरून हाताला घट्टे पडतात आणि पुढे हात सोलवटत नाहीत. अनवाणी चालणाऱ्याचा तळवा काट्याला दाद देत नाही. बाजारात हळदीची आणि सोयाबीनची पोती वाहणाऱ्या हमालाची मान व पाठ वर्षानुवर्षांच्या ओझ्याने अशी तयार झालेली असते की, नवख्याने तोंडात बोट घालावे. तालमीतल्या जुन्या पैलवानाचे मोडलेले कान तर आपल्याकडे पदकासारखे मानले जातात. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपण शिक्षक मंडळीच मुलांना ऐकवीत असतो. मग डोक्यानेच तेवढे अपवाद का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शरीररचनेत आहे. घट्टा पडतो तो कातडीला, वाढतो तो स्नायू. मार लागला की कातडी जाड होते आणि ताण पडला की स्नायू बळावतो. मेंदू या दोहोंपैकी काहीच नव्हे. सुमारे एक किलो चारशे ग्रॅम वजनाचा हा अतिशय मऊ अवयव कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. हनुवटीच्या कडेला ठोसा बसला की, डोके मानेवर झटक्याने फिरते. कवटी फिरते, आतला मेंदू क्षणभर मागे राहतो आणि मग ओढला जातो. या पिळ्याने त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात, काही तुटतात. तुटलेल्या तंतूच्या जागी घट्टा पडत नाही. हमालाच्या मानेवरचे ओझे सावकाश चढते आणि स्थिर राहते. ठोसा मात्र निमिषार्धात येतो आणि हिसका देऊन जातो. ओझे पेलणे आणि हिसका सोसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग जगातले नामांकित मुष्टियोद्धे डोक्यावर मार खाऊनही उभे राहतात, ते कसे? त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग मार सोसण्याचा नसून मार चुकविण्याचा असतो. हनुवटी छातीकडे ओढून घ्यावी, हात गालांशी ठेवावेत, प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून व छातीवरून नजर हलू देऊ नये, हे पहिले धडे. पुढे पायांची चाल येते. ठोसा येत असता त्याच दिशेने डोके किंचित वळवून त्याचा जोर वाया घालविण्याची कलाही येते. मानेचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम असतातच. मान आवळलेली असेल तर डोक्याला बसणारा झटका काहीसा कमी होतो. परंतु मान आवळण्यासाठी ठोसा येताना दिसावा लागतो, आणि सर्वांत घातक ठोसा हा न दिसलेला ठोसा असतो. याशिवाय मार बसल्यावर न गांगरणे, डोळे मिटू न देणे, ही सवय सरावाने निश्चित लागते. पण ती मनाची सवय होय. भीती कमी झाली म्हणजे इजा कमी झाली, असे मात्र नव्हे. उलट भीती गेलेला माणूस अधिक मार खातो, हाच धोका असतो.

या विषयावरील वैद्यकीय ज्ञान आजकालचे नाही. अमेरिकेतील हॅरिसन मार्टलंड या वैद्यकाने १९२८ सालीच, मद्यपान न करताही मद्यप्यासारखे झोकांड्या खाणाऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या मुष्टियोद्ध्यांचे वर्णन केले होते. १९७३ मध्ये कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये पंधरा दिवंगत मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली आणि या दुखण्याच्या खुणा प्रत्यक्ष दाखवून दिल्या. पुढे अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्यांच्या मेंदूंतही तशाच खुणा आढळल्या. या संशोधनातील सर्वांत चिंताजनक भाग असा की, बेशुद्ध पाडणारा एखादा मोठा प्रहारच घात करतो असे नाही. ज्यांनी डोळ्यांपुढे अंधारीही येत नाही, असे शेकडो लहान प्रहार साचत जातात आणि त्यांचा हिशेब दहा-वीस वर्षांनी चुकता करावा लागतो. म्हणजे आमच्या त्या मुलाला जो 'थोडा थोडा मार' औषधासारखा वाटत होता, तोच खरा रोग आहे.

महंमद अलीचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९७४ साली किन्शासा येथे दोरांना रेलून त्याने जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलले, त्याला दमविले आणि आठव्या फेरीत पाडले. जगाने या युक्तीचे कौतुक केले. सरावातही तो जोडीदारांना आपल्यावर मनसोक्त ठोसे मारू देत असे. १९८० च्या आरंभी तो भारतात आला, तेव्हा त्याला पाहण्यासाठी लोटलेली गर्दी अनेकांना आजही आठवत असेल. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याला कंपवाताची लक्षणे असल्याचे निदान झाले. या व्याधीचे कारण केवळ मुष्टिप्रहारच होते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तथापि ज्या माणसाने डोक्यावरचा मार सोसण्याचे शास्त्र केले, त्याची वाणी व हात पुढील बत्तीस वर्षे त्याच्या स्वाधीन राहिले नाहीत, हे तर सर्वांनी पाहिले.

खेळाच्या चालकांनी काही सुधारणा केल्या, हे मान्य करावयास हवे. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू हा योद्धा चौदाव्या फेरीत पडला व काही दिवसांतच मरण पावला. त्यानंतर व्यावसायिक लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये शिरस्त्राण सक्तीचे झाले, तर २०१३ मध्ये पुरुषांच्या वरिष्ठ गटातून ते काढूनही टाकण्यात आले. शिरस्त्राणाने कपाळ फुटत नाही, भुवई चिरत नाही, पण आतल्या मेंदूचा हिसका ते थांबवीत नाही. हातमोज्याचेही तसेच. तो मुख्यतः मारणाऱ्याची बोटे वाचवितो.

तेव्हा हा खेळ बंदच करावा काय? काही वैद्यकीय संघटनांनी तशी मागणी केलेली आहे. प्रस्तुत लेखकाचे मत इतके टोकाचे नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार भारताच्या मुष्टियुद्ध पथकात होते. २०२१ मध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणने आणि २०२२ मध्ये पुण्याच्या देविका घोरपडेने युवा जागतिक अजिंक्यपद मिळविले. या मुली काही उघड्या माळावर गालावर ठोसे खाऊन घडलेल्या नाहीत. योग्य प्रशिक्षक, मोजका सराव आणि लागल्यावर विश्रांती यांतून त्या घडल्या. हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांत डोक्यावरील प्रहाराने बाद झालेल्या खेळाडूला सक्तीची विश्रांती सांगितलेली आहे, ती उगाच नव्हे.

खेड्यापाड्यांतील मुलांच्या वाट्याला मात्र खेळाची जिद्द येते, त्यामागचे शास्त्र येत नाही. पुणे-मुंबईच्या मुलाजवळ प्रशिक्षक असतो, आमच्या मुलाजवळ मोबाइलवरचे चित्रीकरण असते. म्हणून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. शालेय व तालुका पातळीवरील लढतींच्या ठिकाणी डॉक्टर हजर असावा. ज्याला मार लागून चक्कर आली, उलटी झाली किंवा क्षणभर काही आठवेनासे झाले, त्याला त्या दिवशी पुन्हा उभे करू नये आणि वैद्यकीय तपासणीवाचून सरावालाही पाठवू नये. लहान वयाच्या मुलांना पोत्यावर व पायांच्या चालीवर मेहनत करू द्यावी, पण एकमेकांच्या डोक्यावर नको. आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना हे सारे समजावून देणारे दोन दिवसांचे शिबिर जिल्ह्याच्या ठिकाणी भरविण्यास फारसा पैसा लागू नये.

यात आम्हा शिक्षकांनाही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सोसणे म्हणजेच शौर्य, हा संस्कार आपण मुलांवर फार सहजपणे करतो. डोक्यात टपली मारल्याने अक्कल येते, असे मानणारे गुरुजी कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केल्यानंतरही अगदीच नाहीसे झालेले नाहीत. टाकीचे घाव दगडाला देवपण देतात, कारण दगडाला आठवणी नसतात, बोलायचे नसते, उद्याचे गणित सोडवायचे नसते. मुलाला हे सगळे करायचे असते.

त्या सकाळी त्या मुलाला एवढेच सांगितले की, बाळा, हात वर घे आणि पाय हलते ठेव. त्याला ते फारसे पटल्याचे दिसले नाही. मार न खाण्यात कसली आली मर्दुमकी, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. तो भाव त्याच्या एकट्याचा नाही, आणि तो बदलण्याचे काम त्याच्या एकट्यावर सोपविणे योग्यही नाही.