पहिले संमेलन आणि पऱ्यावरचा बांध

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही हातखंबा परिसरातील कित्येक वाड्यांवर चैत्र उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात आणि बायामाणसांना हंडे घेऊन दूरची वाट धरावी लागते. यात दैवाचा दोष नाही. येथील जांभा सच्छिद्र, जमिनीचा उतार तीव्र आणि समुद्र जवळ. त्यामुळे आलेले पाणी थांबत नाही. ते थांबविण्यासाठी दिवाळीच्या सुमारास पऱ्यांवर व वहाळांवर श्रमदानाने वनराई बंधारे घालण्याचा प्रघात जिल्ह्यात रुजला आहे. प्रस्तुत लेखकाच्या कार्यक्षेत्रातील एका वाडीनेही मागच्या साली असे सात बंधारे घातले होते.

त्या कामाची छायाचित्रे पाहून शहरातील एका सेवाभावी क्लबाने वाडीतील दोन शेतकऱ्यांना व मला आपल्या अखिल भारतीय संमेलनास येण्याचे निमंत्रण दिले. अशा संमेलनास जाण्याची आम्हा तिघांचीही ही पहिलीच वेळ. निघण्याच्या आदल्या दिवशी वाडीतील एक वयोवृद्ध शेतकरी म्हणाले, “साहेब, जाऊन या. पण भाषणे ऐकून पऱ्याला पाणी येणार आहे काय?” या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते.

सेवा क्लब म्हणजे काय?

अनेक वाचकांना या संस्थांची माहिती नसेल, म्हणून थोडे सांगणे इष्ट आहे. १९०५ साली अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस या वकिलाने रोटरी क्लब सुरू केला. १९१७ साली त्याच शहरी लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. रोटरीची भारतातील पहिली शाखा १९२० साली कलकत्त्यास निघाली, तर लायन्स १९५६ साली मुंबईस आले. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी ठरावीक दिवशी एकत्र यावे, वर्गणी काढावी आणि समाजोपयोगी काम अंगावर घ्यावे, अशी यांची साधारण रीत आहे.

अशा कामाचे मोठे उदाहरण म्हणजे पोलिओचे उच्चाटन. रोटरीने १९८५ साली ही जागतिक मोहीम हाती घेतली. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभागाबरोबर भारतही पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. हे केवळ एका क्लबाचे यश नव्हे. शासन, आरोग्य कर्मचारी व असंख्य स्वयंसेवक यांनी घरोघर जाऊन, आणि एकदा नव्हे तर पुनःपुन्हा जाऊन, ते मिळविले.

खेड्यातही स्वयंसेवेची अशी बैठक आहे. नाबार्डने १९८२ साली ‘विकास स्वयंसेवक वाहिनी’ सुरू केली. पुढे २००५ साली तिलाच ‘शेतकरी मंडळ’ हे नाव मिळाले.

पंगतीतला प्रश्न

आंबा घाट चढून, कोल्हापूरमार्गे आम्ही संमेलनस्थळी पोहोचलो. भव्य मंडप, छातीवर नावाच्या पट्ट्या, निरनिराळ्या प्रांतांची भाषा. आम्ही तिघेही प्रारंभी बावरून गेलो. पहिला दिवस अहवालवाचन, सत्कार व पारितोषिके यांत गेला. खरे सांगावयाचे तर त्यातील पुष्कळसे आमच्या उपयोगाचे नव्हते.

उपयोगाची गोष्ट रात्री जेवणाच्या पंगतीत घडली. शेजारी अवर्षणप्रवण भागातील एक प्रौढ स्वयंसेवक बसले होते. त्यांनी आमच्या कामाची चौकशी केली. मी मोठ्या उत्साहाने सात बंधाऱ्यांची हकीकत सांगितली व छायाचित्रे दाखविली. त्यांनी ती लक्षपूर्वक पाहिली आणि शांतपणे विचारले, “आज या घटकेला त्यांतील किती उभे आहेत?”

मला उत्तर देता येईना. माझा अहवाल बंधारे पूर्ण झाले त्या दिवशी संपला होता. अखेर माझ्याबरोबरच्या शेतकऱ्यांपैकी एकाने खाली मान घालून सांगितले, “तीन.” चार बंधारे दीड महिन्याच्या आत फुटले होते. वाडीला ते ठाऊक होते, परंतु मी विचारले नव्हते आणि साहेबांना वाईट वाटेल म्हणून कोणी सांगितलेही नव्हते.

बंधारे का फुटले?

परत आल्यावर आम्ही सर्वजण पऱ्यावर गेलो व एकेक जागा तपासली. दोष आमचेच होते. पोती तोंडोतोंड भरल्याने ती गोल राहिली व मधून पाणी झिरपले. सांधे एकावर एक आले होते. बांधाची टोके काठात न घुसविल्याने पाण्याने कडेची माती कापली. एक बंधारा तर भेगाळलेल्या कातळावर घातला होता. तो फुटण्यापूर्वीच गळत होता.

पुढील कार्तिकात सात नव्हे, पाचच बंधारे घातले. ते घालताना खालील दक्षता घेतली. अन्य गावांनाही ती उपयोगी पडेल.

१. पाऊस थांबल्यावर, परंतु प्रवाह वाहता असतानाच काम करावे. जागा अरुंद, काठ घट्ट व तळ भेगा नसलेला निवडावा.

२. तळातील गाळ व गोटे काढून पक्का थर लागू द्यावा.

३. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती पाऊणच भरावीत व तोंडे सुतळीने शिवावीत. विटांप्रमाणे सांधेमोड करून ती रचावीत. पाया रुंद व माथा अरुंद असावा.

४. दोन्ही टोके काठात खोदून बसवावीत. पाण्याच्या बाजूने चिकणमाती थापावी.

५. माथा मध्यभागी किंचित खाली ठेवावा, म्हणजे जादा पाणी मधून जाते व काठ कापले जात नाहीत.

६. प्रत्येक बंधारा दोन घरांकडे सोपवावा. त्यांनी आठवड्यातून एकदा फेरी मारून गळती बुजवावी. मृगापूर्वी पोती काढून घ्यावीत.

यांपैकी सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. फुटलेल्या चार बंधाऱ्यांस कोणीही धनी नव्हता.

संमेलनास जाणाऱ्यांनी

गावातून कोणी प्रथमच अशा मेळाव्यास जात असेल, तर त्याने गावाची एक अडचण नेमकी लिहून न्यावी, आपल्या कामाचे यशापयशासह खरे आकडे जवळ ठेवावेत आणि व्यासपीठाइतकेच पंगतीकडेही लक्ष द्यावे. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत सर्व हकीकत ग्रामसभेत किंवा वाडीच्या बैठकीत सांगावी.

बंधारे पूर्ण होताच शहरातील क्लबाने उद्‌घाटनाचा दिवस विचारला. त्यांनीच रिकामी पोती पुरविली होती, तेव्हा ही इच्छा स्वाभाविक होती. त्या वेळी वयोवृद्ध शेतकऱ्यांनी निरोप धाडला, “आत्ता नको. माघात या.”

मंडळी माघात आली. पाचपैकी चार बंधाऱ्यांत पाणी होते. पाचव्याची गळती दोन घरांची माणसे चिकणमातीने बुजवीत होती. पाहुण्यांपैकी दोघांनी बाह्या सारून त्यांना हात दिला. काठावर कुळीथ व चवळी उभी होती, नव्या आंबाकलमांना पाणी मिळत होते आणि गुरे पऱ्यावरच पाणी पीत होती. वैशाखातील टंचाई याने सर्वस्वी मिटली नाही. तथापि वाडीच्या विहिरीचे पाणी त्या साली तीन आठवडे अधिक पुरले.

माझ्या अहवालाच्या नमुन्यात आता एक रकाना मी हाताने आखून वाढविला आहे : ‘माघ महिन्यात उभे असलेले बंधारे.’ पहिल्या संमेलनाहून मी आणलेली शिदोरी एवढीच. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपापल्या वहीत हा रकाना आखून पाहावा, अशी विनंती आहे.