गील गावाची उघडी दारे

बेल्जियममधील गील हे मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फना हिचे तीर्थस्थान. मध्ययुगात तेथे आरोग्यासाठी येणाऱ्या मनोरुग्णांना चर्चमधील जागा अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. ही प्रथा आजही जिवंत आहे. १९३० च्या दशकात अशा सहनिवासींची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती. ते कुटुंबासोबत जेवतात, झेपेल ते काम करतात. औषधोपचाराची जबाबदारी मनोरुग्णालय सांभाळते. २०२३ साली युनेस्कोने या परंपरेचा गौरव केला.

औषध आवश्यकच आहे. परंतु आपण कोणाला तरी हवे आहोत, ही जाणीव गोळीतून मिळत नाही. आपल्या धर्मग्रामातही एखादे कुटुंब लोकलाजेस्तव दार लावून बसले असेल. त्या दारावर प्रेमाने थाप देऊ या.